अतिवृष्टी, अवर्षण आणि तापलेली हवा

२६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत मुंबईतील सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पर्जन्याची नोंद झाली, आणि त्याच अवधीत कुलाब्याच्या दप्तरी जेमतेम ७३ मिलिमीटर दाखल झाले. एकाच शहराच्या दोन भागांतील ही तफावत पाहिली म्हणजे अमुक एक वृष्टी केवळ हवामानबदलानेच घडविली, असा निवाडा देणे किती कठीण आहे हे ध्यानी येते. शिवाय शहरातील मिठी नदीचे पात्र भराव घालून आवळले गेले होते, म्हणून पूर अधिक चढला; हा दोष तर आकाशाचा नव्हेच.

परंतु एका दिवसावरून जे सिद्ध होत नाही, ते अनेक दशकांच्या नोंदींवरून होते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्पधारणाशक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे, पावसाची एकूण बेरीज मात्र घटल्याचे, दाखवून दिले. माझ्या मते कुणब्याच्या दृष्टीने याहून चिंताजनक वार्ता नाही.

दुष्काळाच्या बाबतीत अधिक सावधपणे बोलावे लागते. १८७६-७७ चा दख्खनचा भीषण दुष्काळ एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नैसर्गिकरीत्या तापण्याच्या, वर्षांत, आजच्या तापमानवाढीच्या कितीतरी आधी, पडला. मात्र वाढत्या उष्म्याने बाष्पीभवन वाढते, आणि म्हणून पावसाची तेवढीच तूट आज मराठवाड्यातील जमिनीला पूर्वीपेक्षा लवकर कोरडी करते.