ग्रीष्मातील नदी आणि नगराचे सांडपाणी

गोंदिया नगराजवळून वाहणारी पांगोली ही बाघ नदीची, व बाघ ही वैनगंगेची उपनदी होय. भातशेतीच्या व तलावांच्या या जिल्ह्यात पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात. वैशाखात मात्र लहान नद्यांची पात्रे डबक्यांपुरती उरतात. नगराचे सांडपाणी मात्र बाराही महिने वाहतच असते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे महत्त्व या विषमतेच्या संदर्भातच पाहिले पाहिजे.

सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य हे सूक्ष्मजंतूंचे अन्न होय. ते पचविताना जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च करतात. या खर्चाच्या मापास जैवरासायनिक प्राणवायू-मागणी म्हणतात. घरगुती सांडपाण्यात ती दर लिटरला सुमारे 200 मिलिग्रॅम धरता येईल. उलटपक्षी, 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरला सुमारे 7.5 मिलिग्रॅमच प्राणवायू सामावतो; त्यापैकी 4 मिलिग्रॅम माशांसाठी राखणे आवश्यक मानले जाते. उरतो 3.5. म्हणजे एक लिटर सांडपाण्याची मागणी भागविण्यास नदीचे सुमारे 57 लिटर स्वच्छ पाणी हवे.

हवेतून नदीस नवा प्राणवायू मिळत असतो, हे खरे. या क्षय-भरपाईचे गणित स्ट्रीटर व फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 मध्ये मांडले. तथापि संथ डबक्यांत ही भरपाई मंदगतीने होते. शिवाय उष्णतेने पाण्याची प्राणवायू-धारणा घटते, जंतूंची क्रिया वाढते आणि त्याच काळात प्रवाहही आटतो.

शुद्धीकरण केंद्र हा प्राणवायूचा खर्च नदीऐवजी टाकीत घडवून आणते. जाळ्यांनी कचरा व संथ प्रवाहात वाळू वेगळी केल्यावर पाणी प्रथम निवळण टाकीत आणि मग वायुजन टाकीत जाते. तेथे यंत्राने हवा पुरवून जंतूंकडून सेंद्रिय द्रव्य पचविले जाते. जंतूंचे पुंजके पुढील टाकीत खाली बसतात. त्यांतील काही गाळ पुन्हा वायुजन टाकीत सोडतात. ही सक्रियित गाळाची पद्धती आर्डर्न व लॉकेट यांनी मँचेस्टर येथे 1914 मध्ये मांडली. अखेरीस क्लोरीन वा तत्सम उपायाने रोगजंतूंचा नाश केला जातो.

केंद्र शासनाच्या 2017 च्या अधिसूचनेने महानगरांखेरीज इतर ठिकाणी निर्गत पाण्याच्या मागणीची मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम ठेवली. वरील हिशेबाने 57 लिटरांची गरज यामुळे सुमारे 9 लिटरांवर येते. हा लाभ मोठाच आहे. परंतु आटलेल्या पांगोलीसारख्या नदीत ते 9 लिटरही मिळतीलच असे नाही. शिवाय सामान्य प्रक्रियेनंतरही नायट्रोजन व फॉस्फरस यांचा बराच अंश पाण्यात राहतो, आणि जलपर्णी व शेवाळ यांना तो पोसतो.

म्हणून शुद्ध केलेल्या पाण्याचा पुनर्वापर हा संरक्षणाचाच पुढील टप्पा ठरतो. वैनगंगेच्याच खोऱ्यातील नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, व तेथून वैनगंगेवरील गोसीखुर्द जलाशयाकडे जाते. त्या नगरात भांडेवाडी येथे शुद्ध केलेल्या पाण्याचा काही भाग कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्रास पुरविण्याची योजना अमलात आली. गोंदियासारख्या ठिकाणी असे पाणी योग्य तपासणीनंतर शेतीस देता येईल. पाण्यात उरलेला नायट्रोजन नदीस घातक असला तरी पिकास पोषकच आहे.

सारांश, केंद्राची क्षमता श्रावणातील पुरावरून नव्हे, तर वैशाखातील प्रवाहावरून ठरविली पाहिजे.