खाणीच्या पोटात डोकावणारी खिडकी

१९७९ सालचा 'काला पत्थर' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. खाणीत पाणी घुसते, मजूर अडकतात. ही निव्वळ कल्पना नव्हती. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाण्याचा लोंढा शिरला आणि ३७५ कामगार प्राणास मुकले.

बंद पडलेल्या जुन्या खोदकामात पाणी साचते. नवा बोगदा त्याच्या किती जवळ गेला, हे सपाट नकाशावर चटकन उमगत नाही. म्हणून आता खाणीचा आराखडा सरपॅक, डेटामाइन, व्हल्कन अशा संगणक प्रणालींवर करतात. त्यात एक त्रिमिती खिडकी असते. लांबी, रुंदी आणि खोली तिच्यात एकत्र दिसते.

या खिडकीत बोअरची भोके उभ्या रंगीत रेघांसारखी दिसतात आणि कोळशाचा थर पसरलेल्या चादरीसारखा. माऊस फिरवला की अख्खी खाण हातातल्या पेरूसारखी फिरवून सर्व बाजूंनी पाहता येते. वरची जमीन पारदर्शक करता येते. चाकूने कापावी तशी खाण मधोमध कापून आतला छेद पाहता येतो. जुने बोगदे एका रंगात, नवे दुसऱ्या रंगात ठेवले, की दोघांमधले अंतर तिथेच मोजता येते.

मात्र डोळे फसतातही. थर नीट दिसावा म्हणून उंची पाचपट ताणून दाखवण्याची सोय असते. ती चालू असेल तर साधा उतार कड्यासारखा भासतो. जुना नकाशा वेगळ्या मोजणीवर आधारलेला असेल, तर जुने बोगदे खिडकीत भलत्याच जागी दिसतात.

आणि जे नोंदलेच नाही, ते ही खिडकी दाखवणार कोठून? २४ जुलै २००२ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या क्वीक्रीक खाणीत कामगारांनी नकळत शेजारच्या बंद खाणीची भिंत फोडली. हाती असलेल्या नकाशात त्या खाणीचे शेवटचे खोदकाम नव्हते. पाणी घुसले, नऊ जण अडकले. तीन दिवसांहून अधिक काळानंतर ते सर्व जिवंत बाहेर आले, हे सुदैव.

आम्ही पडलो हिशेबाची माणसे. वहीत नोंद चुकली, तर यंत्राने केलेली बेरीजही चुकते, हे आम्ही रोज पाहतो. येथे मात्र चुकीची किंमत पैशांत नाही, प्राणांत मोजावी लागते.

म्हणून खाणकामाची पदविका किंवा सर्व्हेअरचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. ही खिडकी वापरायला जरूर शिका. पण तिच्यापुढे बसताना आधी विचारा : हा जुना नकाशा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे? शंका असेल तर पुढे बोअर मारून पाहिल्याशिवाय खोदकामाला होकार देऊ नका. पडद्यावरच्या त्या रंगीत रेघेच्या टोकाशी कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी भाऊ उभा असतो.