विजय सुपर की चेतक?

आमच्या हाऊसमध्ये प्रेप संपल्यावर गाड्यांवरून वाद होतातच. मागच्या टर्मला अमेरिकन गाड्यांचा होता. 1969 ची कमारो झेड 28 भारी की मस्टँग बॉस 302? दोन्हींची इंजिनं व्ही 8, दोन्हींचा बोअर 4 इंच, स्ट्रोक 3 इंच आणि कागदावरची ताकदसुद्धा सारखीच, 290 अश्वशक्ती. कारण ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिन 5 लिटरच्या आत ठेवायची अट होती आणि दोन्ही कंपन्यांनी त्याच मापात इंजिन बसवलं. गंमत म्हणजे या दोन्हींपैकी एकही गाडी आमच्यातल्या कोणी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. म्हणून मी म्हटलं, पाहिलेल्या गाड्यांवर भांडू. माझ्या साताऱ्याच्या आजोबांची चेतक आणि माझ्या बेडशेजारच्या मित्राच्या दादाजींची विजय सुपर.

विजय सुपर इथलीच, लखनौची. कानपूर रोडवर सरोजिनी नगरमध्ये स्कूटर्स इंडिया लिमिटेडचा कारखाना होता. 1972 मध्ये ही सरकारी कंपनी स्थापन झाली. इटलीतल्या इनोचेंती कंपनीने लँब्रेटा स्कूटर बंद केली होती. तिची यंत्रं, आराखडे आणि नावाचे हक्क विकत घेऊन सगळं इथे आणलं. 1975 पासून देशात विजय सुपर आणि परदेशात लँब्रेटा या नावाने स्कूटर विकली जाऊ लागली. चेतकचं मूळही इटलीतच. बजाज पुण्याजवळ आकुर्डीला परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. तो करार संपला आणि 1972 मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली.

आता इंजिन. दोन्ही टू-स्ट्रोक, एक सिलिंडर, पंख्याच्या हवेने थंड होणारी, चार गिअर डाव्या मुठीत. चेतकचा बोअर 57 मिलिमीटर आणि स्ट्रोकही 57, म्हणजे 145 सीसी. विजय सुपर जिच्यावरून बनली त्या लँब्रेटा जीपी 150 चा बोअर तोच 57, स्ट्रोक 58, म्हणजे 148 सीसी. फरक एका मिलिमीटरचा! पण चेतकची ताकद साडेसात अश्वशक्ती आणि इटलीतल्या जीपीची 9 च्या वर. हा दीड-दोन अश्वशक्तीचा फरक 3 सीसीतून येऊच शकत नाही, कारण 3 सीसी म्हणजे जेमतेम दोन टक्के. मग येतो कुठून? इंजिनची ताकद दोन गोष्टींवर ठरते: एका फेरीला किती मिश्रण जळतं आणि मिनिटाला किती फेऱ्या होतात. चेतक आपली पूर्ण ताकद साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास देते, जीपी 6300 ला. म्हणजे निम्म्याहून जास्त फरक नुसत्या फेऱ्यांचा, उरलेला सिलिंडर किती चांगला भरतो आणि रिकामा होतो याचा. मात्र फेऱ्या वाढवून मिळालेली ताकद वरच्या वेगात कामाला येते. आजोबा, आजी आणि गव्हाचं पोतं घेऊन घाट चढणाऱ्या चेतकला तिची फारशी गरज नव्हती.

खरा फरक मला इंजिनच्या जागेत दिसतो. व्हेस्पा बनवणारी पिआज्जिओ मुळात विमानं बनवायची, आणि व्हेस्पाचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानियो हेलिकॉप्टरवर काम केलेले इंजिनिअर. म्हणून तिला वेगळी चौकट नाही, पत्र्याचं अंग हीच चौकट. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं. इंजिन उजव्या बाजूला, मागच्या चाकाला चिकटून, मधे साखळी नाहीच. क्रँकवरच्या क्लचमधून दाते थेट गिअरला लागतात. बिघडायला कमी जागा, पण वजन उजवीकडे. इनोचेंतीचा धंदा पोलादी नळ्यांचा, म्हणून लँब्रेटाची चौकट नळीची आणि इंजिन मधोमध. तसं बसवायचं तर क्रँकपासून क्लचपर्यंत तेलात बुडालेली दुपदरी साखळी लागते. ती कालांतराने सैल होते, तिच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. त्या बदल्यात तोल मिळतो. ज्याने जे आधी बनवलं होतं, त्याचीच स्कूटर झाली!

दादाजींनी त्या कारखान्याच्या असेंब्लीमध्ये नोकरी केली. 1997 मध्ये तिथल्या स्कूटर बंद झाल्या, विक्रम तीनचाकी चालू राहिल्या. 2021 मध्ये केंद्र सरकारने कंपनीच बंद करायला मान्यता दिली. दादाजींची विजय सुपर आलमबागच्या घरी जिन्याखाली उभी आहे. घरचे आता फ्लॅटमध्ये जाणार, तिथे जागा नाही, म्हणून कबाडीवाल्याशी बोलणं झालं होतं. दादाजी काही बोलले नाहीत, पण मित्राला ते सहन होईना. हे त्याने मला रात्री लाइट्स आउटनंतर सांगितलं.

आउटपासच्या रविवारी आम्ही गेलो. किक खाली जाईना. दादाजी खुर्चीत बसून सूचना देत होते. प्लग काढून त्या भोकातून थोडं ऑइल सोडलं, कारण बरीच वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा चिकटतात. दोन आठवडे तसंच ठेवलं. पुढच्या आउटपासला किक हळूच खाली गेली. मग कार्ब्युरेटर उघडला. आत पेट्रोल वाळून डिंकासारखं झालं होतं, जेटचं भोक बंद. ते साफ केलं, नवा प्लग लावला, ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल भरलं. बाविसाव्या किकला (मित्राने मोजल्या, मी फक्त घाम पुसला) ती धडधडली आणि जिना धुराने भरून गेला. शेजारच्या काकू ओरडत बाहेर आल्या. दादाजी उठून सीटवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "अब बोलो, चेतक वाले!"

मी म्हटलं, "दादाजी, आवाज इसका अच्छा है." रिपेअरला मात्र चेतकच सोपी, हे मी अजूनही म्हणतो.

गाडी अजून चालत नाही. क्लचच्या प्लेटा चिकटल्या आहेत आणि गिअरची केबल गंजली आहे. कबाडीवाल्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं आहे. सुट्टीत मी साताऱ्याला जाताना केबलचं माप घेऊन जाणार आहे. आजोबांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे जुन्या लँब्रेटाचे सुटे भाग असतात, असं आजोबा फोनवर म्हणाले.