टाकी रिकामी, तरी नोझल ‘खट्ट’ का होतं?

आजच्या भागाचा विषय कोडिंगचा नाही, पण डिबगिंगचा नक्की आहे. काटा पावच्या खाली असतो, तुम्ही ‘फुल’ सांगता आणि दोन लिटरवर नोझल खट्ट करून बंद होतं. परत दाबलं, परत खट्ट. मागे रांग लागलेली, हॉर्न सुरू. आमच्या वर्ध्याकडे याला एकच वाक्य आहे: “गाडी पेट्रोलच घेऊन नाही राहिली, भाऊ!”

आधी नोझलला कळतं कसं ते बघू. त्यात सेन्सर नाही, वीजही लागत नाही. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वेगाने वाहताना आतल्या अरुंद जागेत दाब कमी होतो आणि त्या छिद्रातून हवा ओढली जाते. पेट्रोल वर येऊन छिद्र झाकलं की हवा येणं थांबतं, आत निर्वात तयार होतो, एक पातळ पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. म्हणजे नोझलला टाकी भरली की नाही हे कळतच नाही. टोकापर्यंत पेट्रोल आलं, एवढंच त्याला कळतं.

आता दुसरी बाजू. टाकी रिकामी म्हणजे हवेने आणि वाफेने भरलेली. 30 लिटर पेट्रोल आत जायचं तर 30 लिटर हवा बाहेर निघायला हवी. पेट्रोल गाडीत त्यासाठी वेगळी नळी असते. ती जाते कॅनिस्टरकडे. कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा. कोळसा वाफ धरून ठेवतो, स्वच्छ हवा बाहेर सोडतो आणि नंतर इंजिन ती वाफ ओढून जाळतं. ही वाट तुंबली की हवा उलट भरायच्या नळीतूनच वर येते, पेट्रोलला वर ढकलते, छिद्र झाकलं जातं आणि खट्ट!

वाट तुंबते कशाने? आपल्याकडे धूळ, पावसाळ्यात चिकटणारी काळी माती, आणि कुंभारमाशीचं मातीचं घर. हसू नका. 2011 मध्ये अमेरिकेत माझदा कंपनीला माझदा-6 गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण कोळी याच नळीत जाळं विणत होते.

आता तपासणी. नियम आपल्या कामातलाच: एका वेळी एकच गोष्ट बदला.

एक, पंप बदला. दुसरीकडे नीट भरलं तर दोष पहिल्या नोझलचा. गाडीला हात लावू नका.

दोन, नोझल थोडं फिरवून, किंचित बाहेर ओढून धरायला सांगा. कधी कधी धार नळीच्या वळणावर आपटून उडते. डिझेलला फेस येतो, तिथे हे जास्त होतं.

तीन, हळू भरायला सांगा. हळू जातं, वेगाने जात नाही, म्हणजे हवेची वाट अरुंद झाली आहे.

चार, थोडं फिरून आल्यावर झाकण उघडा. बारीक ‘फुस्स’ चालतं. पण हवा जोरात आत ओढली गेली तर नळी तुंबल्याचा चांगला पुरावा मिळाला.

पाच, पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरते का? मग कॅनिस्टर आणि इंजिनच्या मधला पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता.

सहा, किती लिटर गेलं ते लिहून ठेवा आणि पुस्तिकेतल्या क्षमतेशी ताडून बघा. टाकी खरंच भरली असेल आणि काटाच खोटं बोलत असेल, तर दुखणं वेगळं: टाकीतला तरंगता सेन्सर.

हे सगळं मी घरच्या गाडीवर केलं. आईला दर आठवड्याला नागपूरला उपचारासाठी न्यायचं होतं. जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर, आणि टाकी दर वेळी दोन-चार लिटरवर अडायची. पहाटे निघायचं आणि पेट्रोल पुरेल का याची धाकधूक. एका गॅरेजने सरळ टाकी बदलायला सांगितली. पण तीन आणि चार नंबरची चाचणी बोट दाखवत होती हवेच्या वाटेकडे. दुसऱ्या मेकॅनिकला तेवढंच सांगितलं. कॅनिस्टरचा फिल्टर काढला, तर आत मातीचं घट्ट बूच. फिल्टर बदलला, नळी साफ केली, टाकी तीच राहिली.

आता एक सवय. नोझल बंद पडलं की “राउंड फिगर करू का, दादा?” हा प्रश्न येतोच. नाही म्हणा. वरून कोंबलेलं पेट्रोल द्रवरूपात कॅनिस्टरमध्ये जाऊ शकतं. कोळसा वाफेसाठी आहे, पेट्रोल पिण्यासाठी नाही. तो भिजला की हाच त्रास मागे लागतो आणि अख्खा कॅनिस्टर बदलायची वेळ येऊ शकते. पहिल्या खट्टला थांबा.

मग मे महिन्यात वर्ध्याच्या 45 अंशांत टाकी फुल केली तर स्फोट होतो, तो व्हॉट्सॲप मेसेज? इंडियन ऑइलनेच त्याचा खुलासा केला आहे: कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत कुठल्याही ऋतूत भरता येतं. 10 अंशांनी तापमान वाढलं तर 40 लिटर पेट्रोल जेमतेम अर्धा लिटर फुगतं. त्यासाठी टाकीत जागा ठेवलेलीच असते.

शेवटचं, गंमत नाही. घरी टाकी उघडू नका, नळीत कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते, आणि एक ठिणगी पुरते. तुमचं काम निदानाचं. सहाही उत्तरं मोबाईलवर लिहा, मेकॅनिकला दाखवा आणि “आधी कॅनिस्टरचा फिल्टर बघा” म्हणा.

भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सांभाळून चालवा!