मुका सिलिंडर

कोकणातून भर पावसात करूळ घाट चढून, गगनबावड्याचे धुके आणि वाटेतल्या ओढ्यांचे पाणी अंगावर घेत आलेली जुनी पेट्रोल जीप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या मिस्त्रीच्या दारी थांबते, तेव्हा तिचा तुटक आवाज ऐकून ‘मिसिंग मारतेय’ एवढे कोणीही सांगू शकतो. परंतु ती केवळ फिर्याद होय, आणि निव्वळ फिर्यादीवरून प्लग, कॉइल, कार्बोरेटर दरोबस्त बदलून टाकण्याची जी घाई हल्ली रूढ झाली आहे, ती मला गाडीवर आणि मालकाच्या खिशावर सारखीच अन्यायकारक वाटते.

विलिस जीपच्या चार सिलिंडरांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो, आणि इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडरात ७५० वेळा ज्वलन व्हावे लागते. म्हणून आधी गुन्हेगार कोणता हे ठरवावे, कारण मागाहून शोधावे. इंजिन मंद चालू ठेवून, विजेचा धक्का बसू नये अशा रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या वायरी एकेक करून काढाव्यात व लगेच पुन्हा लावाव्यात. जी काढताच इंजिन अधिक अडखळते तिचा सिलिंडर निर्दोष, आणि जी काढूनही काहीच फरक पडत नाही तिचा सिलिंडर मुका. नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत मात्र हा प्रयोग वर्ज्य समजावा, कारण त्याने कॉइल जळू शकते. तिथे स्कॅनर ‘पी०३०३’ असा संकेत देऊन तिसऱ्या सिलिंडराचे नाव सांगतो; कारण मात्र त्यालाही सांगता येत नाही.

मग मुक्या सिलिंडराचा प्लग शेजारच्याशी बदलावा. दोष प्लगामागोमाग गेला तर खातरजमा झाली. न गेल्यास वायरीची, आणि तिच्यानंतर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाची झडती घ्यावी. आमच्याकडच्या पावसाळ्यात बहुधा या झाकणाच्या आत साचलेला दमटपणा किंवा त्यावरची केसासारखी बारीक चीरच सापडते, आणि रात्री काळोखात बॉनेट उघडले तर वायरींवरून निसटणाऱ्या निळसर ठिणग्या डोळ्यांनी दिसतात.

ठिणगी शाबूत असूनही सिलिंडर मुकाच राहिला, तर कॉम्प्रेशन मोजावे. ते कमी भरल्यास प्लगाच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे: वाढले तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढले तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच कमी आढळले, तर त्यांच्यामधल्या गॅस्केटवर संशय घ्यावा.

दाजीपूरच्या वाटेला लागण्यापूर्वी प्लगपाना, एक जादा प्लग आणि कोरडे फडके जीपमध्ये अवश्य ठेवावे.