सडपातळ मधुमेही

माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ लागते ते अभियांत्रिकीतल्या पीएच.डी.मुळे. तेव्हा पुढचा मजकूर म्हणजे औषधोपचार नव्हे. आकडेमोडीची सवय असलेल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने आपल्या मंडळींसाठी केलेली ही मांडणी आहे.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार अमिरातीत दर आठ प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेलेली दिसली. आपण जन्माने एकीकडचे आणि राहणीने दुसरीकडचे. तरीही हा विषय निघाला की हमखास ऐकू येते, “मला काय होणार? मी तर पहिल्यापासून बारीक!”

या समजुतीला पुण्यातूनच उत्तर मिळाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक कळत नाही. आपल्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटात आणि यकृताभोवती साठणारी. अशा चरबीमुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. स्नायू कमी असल्याने जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घ्यायलाही जागा कमी पडते.

याचे मूळ जन्माआधीच आढळते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे जवळजवळ सर्व मापांत लहान होती, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला प्रतिरोध अधिक दिसला. अर्थात हा संबंध आहे, अटळ भविष्य नव्हे.

आता ताटाकडे वळू. सकाळी पोहे, दुपारी डब्यात पोळी-भाजी आणि भात, संध्याकाळी बिस्किटे, रात्री पुन्हा पोळी आणि भात. २०२५ च्या भारतीय पाहणीत एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येताना दिसले, तेही बरेचसे पांढरा तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांतून. शेतात राबणाऱ्या आजोबांच्या अंगी ते जिरत असे. शारजा ते दुबई गाडीत बसून, मग वातानुकूलित कचेरीत खुर्चीवर बसून ते कसे जिरावे?

त्यात करक चहाची भर. कपात दोन चमचे साखर धरली तर चार कपांत सुमारे ३५ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेचा आदर्श सल्ला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहण्याचा आहे. येथील सरकारने २०१७ मध्ये कोलासारख्या पेयांवर ५० टक्के आणि ऊर्जापेयांवर १०० टक्के कर बसवला. घरच्या चहावर कर कोण बसवणार? तो गृहमंत्र्यांनीच बसवायला हवा.

उपाय मात्र खर्चिक नाहीत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात आहार व चालण्यातील बदलांमुळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांत रोगाचे प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटले, वजन फारसे न उतरताही. म्हणून ताटातली वाटणी बदलावी: भात निम्मा, त्याजागी घट्ट वरण, उसळ, दही, अंडे किंवा मासे, कोशिंबीर दुप्पट. बाहेर ऊन असेल तर मॉलमध्ये चालावे.

वजनापेक्षा कमरेचा घेर मोजावा. पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. बीएमआय २३ झाला की आपण सावध व्हावे. २५ ची वाट पाहू नये. वर्षातून एकदा एचबीए१सी तपासावे. ५.७ ते ६.४ हा उंबरठा आहे, आणि बहुधा तेथून मागे फिरता येते.

आणखी एक. घरात लग्नाच्या वयाची मुलगी किंवा नवी सून असेल, विशेषतः शाकाहारी, तर तिचे ब-१२ आधीच तपासून डॉक्टरांना विचारावे. डोहाळजेवणाच्या ताटातले पदार्थ आपण हौसेने मोजतो. पण बाळाची घडण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.