घरगुती अँटेना : तार तीच, टांगणी निराळी

या स्मृतिव्याख्यानात हौशी रेडिओचालकापुढील एका व्यावहारिक प्रश्नाचा विचार करावयाचे मी योजिले आहे. परवाना मिळाला, यंत्र आले. आता तार घरावर टांगावी कशी?

सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर भरते. तिच्या निम्म्याहून किंचित आखूड, म्हणजे सुमारे २० मीटर तार मधोमध तोडून तेथे केबल जोडली की डायपोल तयार होतो. त्याचा संरोध सामान्यतः ७० ओहमच्या आसपास असल्याने ५० ओहमच्या केबलशी त्याचे सहज जुळते. परंतु त्याला दोन उंच आधार हवेत. वडोदऱ्यातील आमच्या वस्तीत एवढी ऐसपैस गच्ची कोणाची!

म्हणून मी मध्ये एकच खांब उभारून तारेचे दोन्ही बाहू तंबूच्या दोरांप्रमाणे खाली उतरविले आणि दोहोंतील कोन १२० अंशांच्या आसपास ठेवला. हाच उलटा 'व्ही'. प्रक्षेपणाच्या वेळी तारेच्या टोकांशी विद्युतदाब फार चढतो; ती कोणाच्या हाताला लागणार नाहीत अशी बांधावीत, आणि विजेच्या तारांपासून सारा पसारा दूर ठेवावा.

तिसरा प्रकार एका टोकाशी केबल जोडावयाच्या अर्ध्या लहरीच्या तारेचा. खिडकीतून झाडापर्यंत तार ताणली की भागते, हा त्याचा मोह. मात्र टोकाशी संरोध दोन-तीन हजार ओहम असल्याने ४९ : १ गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर लागतो, शिवाय केबलचे बाह्य कवचही अँटेनाचे काम करू लागते व घरातील उपकरणांची खरखर आत शिरते. दोन पावसाळे वापरून मी तो सोडला.

'उंच तो उत्तम' हे दूरदेशीच्या संपर्कापुरतेच खरे. माझ्या अँटेनाचा मध्य जमिनीपासून नऊच मीटरांवर आहे. पाव लहरीहून कमी उंचीवरची तार बहुतेक शक्ती आकाशाकडे फेकते. ती आयनांबरावरून परतून तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात सर्वत्र उतरते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छमधील दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हौशी चालकांनी रेडिओवरून निरोप पोहोचविले. वडोदरा ते भुज सरळ अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. जमिनीलगतची लहर एवढ्या अंतरापूर्वीच विरते, क्षितिजाकडे झुकून निघालेली डोक्यावरून पुढे जाते. कामास येते ती उंच चढून परतणारी.

रात्री आयनांबर विरळ झाले की सात मेगाहर्ट्झची ही उभी लहर बहुधा अवकाशात निसटते. मग साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरावे लागते, आणि तारही दुप्पट, चाळीस मीटरांची. तिचा एक बाहू मी शेजाऱ्यांच्या संमतीने त्यांच्या कडुनिंबापर्यंत नेला आहे.